कोपऱ्यातला गुंठा

भालकीच्या बसस्टँडमागं शिवकन्येची कडक भाकरीची टपरी आहे. पत्र्याचं छप्पर, एक चूल, एक परात आणि पोत्यावर वाळत घातलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या, पापडासारख्या मोडणाऱ्या. उदगीर-लातूरच्या गाडीतली माणसं उतरून चवडीच्या चवडी बांधून नेतात. बत्तीस वर्षं ही बाई भाकरी थापते आहे. गिऱ्हाइकानं दोनदा भाव विचारला तर तिसऱ्यांदा ती भाकरी उचलून आत ठेवते. "जा बाबा, हाटेलात जा," म्हणते. अशी बाई.

तिचा नवरा सिद्धप्पा कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. मूलबाळ झालं नाही. तो शिवी दिल्याशिवाय पाणी पीत नसे, सूर्य कासराभर वर आल्याशिवाय उठत नसे आणि लिंगायताच्या घरात जन्मून उदगीरच्या स्टँडवर गुपचूप आम्लेट खायचा. घरी आला की शिवकन्या तोंडाचा वास घ्यायची आणि बडबडायची. तो हसायचा. नऊ वर्षांमागं छातीत कळ येऊन गेला, तेव्हा जातीच्या रिवाजाप्रमाणं त्याला शेताच्या कोपऱ्यात पुरला. मांडी घालून बसवला, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग. वर दगडाचा चौथरा बांधला. चौथऱ्याला लागून शिवकन्येनं हातानं चार दगड मांडले आणि धाकट्या दिराला, हावगेप्पाला, सांगितलं, "ही माझी जागा. आजपासून इथं नांगर घालायचा न्हाई."

दर सोमवारी ती तिथं भाकरी ठेवायची, तासभर बसायची, आठवड्याचं सगळं सांगायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणत्या गिऱ्हाइकाला हाकललं. जिवंतपणी त्यानं एवढं कधी ऐकून घेतलं नव्हतं.

मग शेताशेजारून बाह्यवळण रस्ता गेला आणि गावात बसवप्रभु आला. मूळचा कलबुर्गीचा. अंगात पांढरा शर्ट, बोटात तीन अंगठ्या, बोलण्यात गूळ. लोक त्याला 'सर' म्हणायचे, कारण तो हॉल भाड्यानं घेऊन भाषणं द्यायचा. विषय काय, तर खिशात दमडी नसताना घरांच्या जागेत पैसा कसा करायचा. शेतकऱ्याला नुसता इसार द्यायचा, कागद करून घ्यायचा, दगड रोवून प्लॉट पाडायचे आणि प्लॉट विकून आलेल्या पैशातच शेतकऱ्याला फेडायचं. जागा दाखवायच्या दिवशी वाढलेली नारळाची झाडं भाड्यानं आणून उभी करायची, संध्याकाळी परत पाठवायची. "माल तर सगळेच विकतात, अडचण विकायला शिका," असं तो माइकवर म्हणायचा आणि शहाणीसुरती माणसं वहीत लिहून घ्यायची. थू त्या वहीवर!

हावगेप्पाला बोलेरोचं वेड लागलं होतं, आणि त्यासाठी शेत बसवप्रभुला द्यायचं होतं. चार एकर दोघांच्या नावावर, शिवकन्येच्या सहीशिवाय काही हलेना. दिवसातून तीनदा टपरीवर यायला लागला.

"वैनी, गुडघे गेलेत तुमचे. कुठवर थापायलाव भाकऱ्या?"

"सही करते," एके दिवशी ती म्हणाली. "पण कोपऱ्यातला गुंठा सोडून. तुझा अण्णा तिथं बसलाय, अन् माझी जागा हाय."

हावगेप्पानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "शपथ घेतो वैनी. त्या गुंठ्याला कोण हात लावील?"

झालं. लिंगावर हात ठेवल्यावर पुन्हा कागद कशाला? इथली माणसं दुसऱ्या कशालाही फसणार नाहीत, पण या एका गोष्टीला हमखास फसतात. हा दीर तिनं शेंबूड पुसून वाढवलेला. तिनं वाचून न घेता सही केली.

पुढच्या सोमवारी ती भाकरी घेऊन शेतात गेली, तर जेसीबी चौथऱ्यापासून चार हातांवर. तिचे चार दगड ढिगाऱ्यात गेले होते. ओरडावं तर मशीनच्या आवाजात ऐकणार कोण? ती सरळ जाऊन चौथऱ्यावर बसली, आणि ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा तोंडाला आलं ते बोलली.

"मार खोरं! मागं एकानं इथं कुदळ घातली, तिसऱ्या दिवशी रक्त ओकून मेला. जागृत जागा हाय ही!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण ड्रायव्हरनं हात जोडले, किल्ली काढली आणि लांब जाऊन बिडी पेटवली.

थोड्या वेळानं बसवप्रभुची गाडी आली. शिवकन्या भांडायच्या तयारीनं पदर खोचून उभी राहिली. तो रागावला नाही. चप्पल काढून चौथऱ्याला हात लावला आणि हळूच म्हणाला, "अक्का, आणखी काय काय झालंय हो इथं?"

तिला वाटलं, हाही भ्याला. मग काय, आणखी दोन ठोकून दिल्या. इथं नाग येऊन डोलतो म्हणाली. वाऱ्यातसुद्धा दिवा विझत नाही म्हणाली. तो फोनमध्ये टिपत होता आणि मान हलवत होता. त्या दिवशी घरी जाताना बाई स्वतःवर खूश होती. वाचवलं म्हणाली तुला, सिद्धप्पा.

महिनाभरात चौथऱ्याला संगमरवर लागला. त्यावर घुमट आला, घुमटावर रंगीत दिवे आले. रस्त्यावर कमान उभी राहिली, तिच्यावर 'शरणधाम' लिहिलं, आणि खाली 'श्री सिद्धप्पा शरणांची जागृत गद्दुगी', म्हणजे समाधी. आम्लेट खाणारा सिद्धप्पा शरण झाला, संत झाला! थडग्याजवळचे प्लॉट कोणी फुकट घेत नव्हतं, तेच आता सगळ्यात महाग. हावगेप्पानं छापील कागद आणून दाखवला. सिद्धप्पा शरण त्रिकाळ पूजा करायचे, दूध आणि बेलपत्रावर राहायचे, मुखातून कधी अपशब्द निघाला नाही. रक्त ओकणारा, नाग आणि दिवा, सगळं त्यात होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. आणि त्यातलं अर्धं शिवकन्येनंच ओकलेलं होतं.

बुकिंगच्या रविवारी बिदर-कलबुर्गीहून दोन बसा भरून माणसं आली. भाड्याचे नारळ उभे होते. हावगेप्पा नव्या बोलेरोतून वहिनीला घेऊन आला. उतरल्या उतरल्या बसवप्रभुनं वाकून पाया पडून माइकवर सांगितलं, "शरणांच्या धर्मपत्नी, आपल्या सगळ्यांच्या अम्मा!" परवापर्यंत अक्का होती, आज अम्मा. लोक हात जोडून उभे राहिले.

तिनं माइक हिसकावला.

"कुणाच्या पाया पडायलाव रे? हा शरणबिरण न्हाई. माझा नवरा हाय. ट्रॅक्टर चालवायचा. उदगीरला जाऊन अंडी खायचा, आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. नागबीग येत न्हाई इथं. मीच खोटं बोलले, मशीन थांबवायला. हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायलेत. तुमी कामून फसायलाव?"

आता जातील, तिला वाटलं, बसमध्ये बसतील.

पुढच्या रांगेत एक चष्म्याची बाई होती, कुठं तरी मास्तरीण असावी. तिनं डोळे पुसले. "बघा, किती निगर्वी! खऱ्या माणसाला मोठेपणाच नको असतो."

"शरणांनाही स्तुती आवडत नव्हती," बसवप्रभुनं माइक अलगद काढून घेतला. "अम्मा अशाच बोलतात. ज्याला कळायचं त्याला कळतं."

आणि माणसं तिच्या पायावर पडायला लागली. दोघंतिघं तिथूनच बुकिंगच्या टेबलाकडं गेले. तिच्या थापा त्यांनी छापील कागदावर वाचून मानल्या, आणि तिच्या तोंडचं खरं मात्र कुणाला पटलं नाही. शिसारी आली तिला, त्या गर्दीची आणि स्वतःच्या जिभेची.

गर्दीतून वाट काढत ती घुमटाच्या डाव्या अंगाला गेली. तिथं आधी तिचे चार दगड होते. आता चपला ठेवायचं लोखंडी कपाट होतं.

"हावगेप्पा, माझी जागा कुठं हाय?"

हावगेप्पाचा हात सवयीनं गळ्याकडं गेला आणि मधेच खाली आला. बसवप्रभु मात्र हसतच होता. त्यानं टेबलावरचा नकाशा तिच्यासमोर पसरला.

"अम्मा, तुमची जागा कशी विसरू? ही बघा." रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यात लांब, एक पिवळा चौकोन होता. "अम्मांची गद्दुगी. शेजारीशेजारी दोन असून उपयोग नाही ना. तुमच्याभोवती चाळीस प्लॉट धरलेत, दुसरा टप्पा."

तिनं चौकोनाकडं पाहिलं. "कधी सुरू करायलास?"

"घाई नाही अम्मा," तो म्हणाला. "दोनेक वर्षं."

शिवकन्या त्या नकाशावर थुंकली. मग दिराकडं वळली.

"मी मेले की मला जाळ."

हावगेप्पा पांढरा पडला. "वैनी! असं काय बोलायलाव? आपल्यात कुणी जाळतं का? सात पिढ्यांत…"

"सात पिढ्यांत लिंगावर हात ठेवून कुणी खोटं बी बोललं न्हवतं."

तो पुन्हा शपथ घ्यायला लागला. तिनं त्याचा हात धरून खाली केला आणि चालत निघाली. बोलेरो मागं मागं येत होती, ती चढली नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. तिनं भाकरी थापली नाही, शेतातही गेली नाही. कचेरीसमोर झाडाखाली अमृतप्पा बसतो, बाँडपेपर लिहून देणारा, तिच्याच जातीचा, तिचंच गिऱ्हाइक. तिचं बोलणं ऐकून त्यानं पेन खाली ठेवलं.

"अक्का, खरंच लिहू? जाळायचं?"

"लिही. राख मांजरा नदीत टाकायची, पूर आल्यावर. चिमूटभर बी मागं ठेवायची न्हाई, न्हाईतर ते त्याच्यावर बी कमान बांधतील."

अमृतप्पा खाली मान घालून लिहीत राहिला. लिहून झालं, त्यानं वाचून दाखवलं, दोनदा. या खेपेला तिनं शब्द न् शब्द ऐकला. सहीला पेन हातात घेतलं तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "अन् सिद्धप्पा अण्णा? त्यांच्याशेजारी न्हाई बसणार?"

तिला बसायचं होतं. नऊ वर्षं तेवढंच तर हवं होतं. तिचे डोळे भरले, तिनं पदरानं कागद आधी झाकला, भिजू नये म्हणून.

"त्यो आता त्यांचा हाय," ती म्हणाली आणि सही केली.