साक्षीनं विचारलं तेव्हा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. येरमाळ्याला येडेश्वरीपुढं हात जोडते, तेव्हाही ह्या गोष्टीच्या अलीकडंच येऊन थांबते. तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच असेल.

मी फुटबॉल शिकवायचे. आमच्या भूम तालुक्यात, ईट गावाकडच्या खेड्यांत फुटबॉल कुणी पाहिला होता? मी स्वतः कॉलेजात खो-खो खेळलेली. पण परदेशातल्या एका मोठ्या क्लबची समाजकार्याची संस्था इकडं आली, मुलींसाठी गावोगाव खेळ सुरू केला आणि मला आठ दिवस शिकवून गळ्यात शिट्टी अडकवली. खेळानं मुली धीट होतात, बोलत्या होतात, असं ते म्हणायचे. ते खोटं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही दोष त्यांच्यावर टाकाल.

मुली खरंच बोलत्या झाल्या. साक्षी त्यातली. तेरा वर्षांची, अंगानं काटकुळी, पण चेंडू घेऊन निघाली की कुणाला आवरायची नाही. तिची जिवाची मैत्रीण कोमल — मेंढरंवाल्यांची लेक. चेंडू अडवायला गोलात उभी राहायची. फार बोलायची नाही.

एकदा आम्ही सामन्यासाठी भूमला गेलो. परतीच्या एसटीला वेळ होता. साक्षी स्टँडवर पाणी प्यायला गेली आणि आली ती तोंड उतरून. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर माझ्याजवळ बसून रडली. कोमल तिच्या शेजारी होती. आणखी कुणी नव्हतं.

साक्षीचे वडील भूमला कापडाच्या दुकानात कामाला होते. रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन नऊच्या गाडीनं जायचे. पण ते काम सुटून चार महिने झाले होते — आणि घरी सांगायचा त्यांना धीर होत नव्हता. दिवसभर स्टँडच्या बाकावर बसायचे, तिथंच डबा खायचे, संध्याकाळी परत. लेक समोर आली तेव्हा त्यांनी तिला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला आणि म्हणाले, "आईला नको सांगू बाळा. मी बघतो कायतरी."

"ताई, कुणाला सांगू नगा," साक्षी म्हणाली. मी तिचे दोन्ही हात धरून "नाही सांगणार" म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं. की नव्हतं?

महिनाभरानं क्लबची माणसं आमचं काम बघायला यायची होती. त्याआधी संस्थेच्या पुण्याच्या मॅडमनी सगळ्या गावांच्या ताईंना भूमला बोलावलं. प्रत्येकीनं आपल्या मैदानावरची एखादी गोष्ट सांगायची. एकीनं सांगितली, तिला टाळ्या. दुसरीनं सांगितली, मॅडमचे डोळे भरून आले. माझी पाळी आली आणि माझ्याकडं काय होतं? मुली वेळेवर येतात, शिस्तीत खेळतात — एवढंच. मला ते लई हलकं वाटलं. म्हणून मी साक्षीच्या वडिलांची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. त्या बाकासकट, बिस्किटासकट. खोली चिडीचूप झाली, आणि — लाज वाटते सांगायला — मला बरं वाटलं.

मॅडमनी वहीत लिहून घेतलं. मी म्हणाले, "नाव नका घेऊ." त्या म्हणाल्या, "छे, नाव कशाला?"

त्यांनी नाव घेतलंच नाही. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर पाहुणे, निम्मं गाव खाली बसलेलं — आणि मॅडम माईकवर म्हणाल्या, या मैदानावर एक मुलगी आहे, तिचे वडील रोज डबा घेऊन भूमला जातात आणि दिवसभर स्टँडवर बसून राहतात. नाव कशाला लागतंय? इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन नऊची गाडी पकडणारा माणूस आमच्या गावात एकच होता. माना वळल्या. ते मागं खांबाला टेकून उभे होते. साक्षीची आई बायकांत बसली होती. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग पदर तोंडाला लावला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

एवढंच असतं तर मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. तोंड सैल सुटलं, म्हणाले असते. पण खरी गोष्ट पुढंच आहे.

दुसऱ्या दिवशी साक्षी माझ्या दारात आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "पप्पा सकाळपासून उठले न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडलेत." मग म्हणाली, "तुम्हा दोघींनाच ठाऊक होतं, ताई. तुम्ही तर सांगणार न्हाई. कोमलनंच सांगितलं ना?"

मी दारात उभी होते. हातात पीठ होतं. एक शब्द पुरला असता. मी म्हणाले,

"व्हय, असंल."

त्यानंतर मैदानावर कोमलशी कुणी बोलेना. कुणीतरी म्हणालं, रानात राहणाऱ्यांच्या पोटात काय राहतंय? मी ऐकलं आणि शिट्टी वाजवली. सगळ्या मुली तिला सोडून एका बाजूला बसायच्या, तेही मी रोज बघत होते. तरी ती यायची, गोलात उभी राहायची. दिवाळीच्या आधी साक्षीचं घर उठून पुण्याकडं गेलं. साक्षी जाताना कोमलला भेटली नाही. मला मात्र भेटायला आली, पाया पडली. मी पडू दिलं.

दिवाळीनंतर एका सकाळी कोमल संस्थेनं खेळायला दिलेला टी-शर्ट धुऊन, घडी घालून परत द्यायला आली.

"ताई, म्या कुणाला काय बोलले न्हाय."

"बरं," मी म्हणाले.

"तुमाला ठावं हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. टी-शर्ट माझ्या हातात दिला आणि गेली.

तिनं हे गावात कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी लोकांनी कुणाचं ऐकलं असतं? ते तिला कळत होतं, आणि मलाही. पुढं संस्थेनं मला आणखी तीन गावं दिली. मी घेतली.

कोमल आता मोठी झाली आहे. ईटच्या बाजारात कधी समोर येते. "ताई, बरं हाय का?" विचारते. मी बरं आहे म्हणते.