फ्लेक्सवरची नोकरी

आमच्या कॉलेजच्या फाटकाजवळ वर्षभर एक फ्लेक्स लटकत होता. वरून दुसऱ्या रांगेत माझा फोटो, खाली 'मॅनेजमेंट ट्रेनी' आणि मुंबईतल्या एका कंपनीचं नाव. त्या कंपनीत मी एक दिवससुद्धा काम केलेलं नाही.

मी जन्माची संशयी. आई म्हणते, हिला देवळात प्रसाद दिला तरी ही आधी वास घेईल. त्यामुळे बीएमएसच्या शेवटच्या वर्षी ती कंपनी कॉलेजात आली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली यात नवल नाही. टाय लावलेला एकच गृहस्थ आला होता, ऐन एप्रिलात. तीन वर्षं आम्ही मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ असं काय काय पाठ केलं होतं. रेझ्युमे कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बसायचं, याची शिबिरं केली होती. त्याने त्यातलं काहीच विचारलं नाही. मला म्हणाला, "दुचाकी येते? मुंबईत राहायची सोय आहे? अनोळखी माणसाशी बोलायला लाज वाटते?" जेवणाच्या सुट्टीआधी अकरा जण निवडून तो मोकळा झाला. बाजारात पापलेट घेतानासुद्धा माणूस याहून जास्त वेळ लावतो, कल्ले उघडून बघतो.

घरी सांगितलं, तर बाबा म्हणाले, "चौकशी करू." बाबांचा जन्म बोटीवर गेला. भरती करणाऱ्या एजंटांची गोड बोलणी त्यांनी पुष्कळ ऐकलेली. आमच्याकडे मुलीला स्थळ आलं की पत्रिकेआधी चौकशी होते. ती मुलाच्या घरी करायची नसते. शेजारी, वाणी, मुंबईतला कोणी भाऊबंद, असं आडून आडून सगळं काढायचं. माझ्या नोकरीचीही तशीच झाली. मुंबईच्या काकांना पत्ता कळवला. त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली, कंपनीसमोरच्या टपरीवर तीन चहा प्यायले आणि मला फोन केला.

"बाय, मी बगून आलो. हापीस म्हंजे दोन खोल्या हायत. सकाळी पोरा बॅगा घेऊन भायेर पडतात, दारोदार वस्तू विकतात, सांच्याला तोंडा पाडून येतात. चायवाल्यान सांगितलान, दर म्हयन्याला नवी तोंडा. तू जाव नको."

मी गेले नाही. आपला संशय खरा ठरला याचा मला केवढा आनंद झाला होता!

प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना नकार सांगायला गेले. ते टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. "नको जाऊस," म्हणाले. "पण फ्लेक्स छापून झालाय. ॲडमिशनचे दिवस आहेत. फोटो राहू दे, तुझं काय जातं? इथे शहरात विम्याच्या एका ऑफिसात माझी ओळख आहे. तुझं नाव सुचवतो."

कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला कळत होतं. तरी मी "बरं सर" म्हणाले. दोन आठवड्यांत विम्याच्या ऑफिसात लागले. लोकांनी भरलेले दाव्यांचे कागद खरे की खोटे, ते तपासायचं काम. मला ते छान जमतं. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या निरखायच्या आणि घरी जाताना कॉलेजच्या फाटकावरून मान खाली घालून जायचं, असं वर्ष गेलं.

मग पुन्हा एप्रिल आला आणि पुन्हा तीच कंपनी. एका रविवारी सकाळी फोन वाजला. मालगुंडच्या पलीकडच्या एका गावातली बाई होती. चार घरं फिरून तिने माझा नंबर मिळवला होता. आधी आंब्याचं विचारलं, मग माझ्या आईचं माहेर कुठलं ते. दोन मिनिटांत मी ओळखलं, ही चौकशी आहे.

"माजी पोर त्याच कंपनीत निवडली हाय," ती म्हणाली. "उद्याच्या गाडीन जायची हाय. फाटकावर तुमचा फोटो बगितला, म्हनून धीर आला. पोरीच्या जातीला बरी हाय ना वो कंपनी?"

सर आठवले. त्यांची आणि आमच्या साहेबांची रोजची उठबस, आणि मी अजून कायम झालेली नाही. नुसतं "हो" म्हटलं असतं तर फोन संपला असता. ते तोंडात आलंही होतं, हे लिहिताना अजून लाज वाटते.

"मी तिथे कधी गेलेच नाही," मी म्हणाले. मग दोन खोल्या, बॅगा, चहावाला, सगळं सांगून टाकलं.

ती आता माझे आभार मानेल, असं मला वाटत होतं.

"मग फोटो कसा लावलात?"

"कॉलेजने लावला."

"वरीसभर? आनि तुमी काय बोललात नाय?" ती रागावली नव्हती, भाजीवालीला विचारावं तसं तिने विचारलं, "फोटो खोटा, तर ह्या तरी खरा कशावरनं?"

मी काकांचा नंबर दिला. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यांना विचारा म्हटलं. लगेच सरांनाही फोन करून फोटो काढायला सांगितलं. "बघू," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "कंपनीचा सगळा सांगितला तिला. पोरीला थांबवलान."

माझा जीव भांड्यात पडला.

"पन त्याच्या आदी तुजा इचारलान," काका म्हणाले. "तुमची पुतनी खरा बोलनारी हाय काय म्हनून."

फ्लेक्सचं आम्ही काकांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना ते त्या बाईकडून कळलं होतं.

"तुम्ही काय सांगितलंत?"



"म्हटला, चौकशी करा."