तवंदी घाटाखालचं कपाट

परवा घर बदलताना दारात उभ्या टेम्पोच्या तापलेल्या टायरांचा वास आला आणि मला तवंदी घाटाचा पायथा आठवला. लग्न लागून आम्ही कडोलीहून निपाणीला निघालो होतो. लेकीला भरलेलं कपाट द्यायची तेव्हा रीत होती. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, दिलेलं कपाट घरच्याच माणसांनी टेम्पोत चढवलं होतं. त्याला कुलूप होतं आणि चावी माझ्या पदराच्या गाठीत. भोवती सासरची माणसं दाटीवाटीनं बसली होती. घाटाआधी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मागचे टायर पार चपटे झाले होते. "एवढ्या वजनानं घाटात टायर फुटंल. आधी ते जड कपाट उतरा," तो म्हणाला. चौघांनी दात-ओठ खाऊन जोर लावला, आणि कपाट असं झटक्यात वर आलं की एकजण मागं कोलमडला. "अरं, रिकामंच हाय की हे!" तो ओरडला. सगळे खो-खो हसले. "मग ऱ्हाऊ दे कपाट, माणसंच उतरा," ड्रायव्हर म्हणाला. मंडळी हसतच घाट चढू लागली. सोबत आलेले आप्पा मात्र उकिडवे बसून टायर हातानं दाबून बघत राहिले. त्यांना टायरातलं काही कळत नव्हतं. माझी मान वर होईना. परवा तेच कपाट उचलताना हमाल धापा टाकत म्हणाला, "आक्का, काय भरलंयसा ह्यात? लई जड हाय." मी खाली बसले आणि टेम्पोचा टायर हातानं दाबून बघितला.