विठोबाची इंग्रजी

मालवण बंदरात आगबोट कधी किनाऱ्याला लागत नसे. खडकांच्या भीतीने ती लांबच नांगर टाकून भोंगा वाजवायची, मग उतारूंना आणायला बंदरातून पडाव निघायचे. त्यातला एक विठोबाचा. आगबोटीची शिडी आणि खाली-वर होणारा पडाव यांच्यामध्ये पाण्याची एक फट सारखी उघडायची नि मिटायची. ती ओलांडताना मुंबईहून आलेले भलेभले कोट-टोपीवाले घाम पुसत उभे राहायचे. पडाव लाटेवर वर आला की विठोबा हात पुढे करी. तो धरून उडी मारायची, बस. त्याच्या हातून कुणी निसटल्याचं ऐकिवात नव्हतं.

पण बंदरात त्याचं नाव झालं ते हातापेक्षा तोंडामुळे. शाळेची पायरीही न चढलेला हा माणूस उतारूंना चक्क इंग्रजीत सावध करी. पडाव आगबोटीवर आदळायच्या आधी म्हणे, "सांभाळा, बम्प येता हां." दोर ताणला जायच्या आधी, "बसान घेवा, जर्क बसतलो." आडवी लाट दिसली की नुसतंच, "लर्च." आणि पडाव खरोखरच एका अंगावर कलंडे. उतारू भीती विसरून हसत. एका फौजदाराने एकदा विचारलं, "काय रे विठोबा, विलायतेत शिकलास का?"

"नाय साहेब. माझ्या चेडवान शिकवल्यान," विठोबा म्हणाला, आणि इतका फुलला की फौजदार पुढची थट्टा विसरला.

चेडू म्हणजे प्रेमलता, त्याची एकुलती एक मुलगी. हायस्कुलात अप्पा मास्तर इंग्रजी शिकवायचे. शब्द ते घोसाने पाठ करायला देत. एका दिवशी हिसक्या-गचक्यांचा घोस आला. प्रेमलता बापासाठी पेज घेऊन बंदरावर आली आणि पडावात बसून घोकू लागली. जर्क म्हणजे हिसका, बम्प म्हणजे आदळणं. चार वेळा म्हणूनही गाडं अडलं, कारण सगळेच तिला सारखे वाटायला लागले. विठोबाने पेजेचं भांडं बाजूला ठेवलं. "माका सांग, मी तुका दाखवतंय." मग तिने अर्थ सांगावा आणि त्याने पडाव तसा हलवून दाखवावा, असा बाप-लेकीचा अभ्यास सुरू झाला. नांगराचा दोर ओढून जर्क झाला, शेजारच्या पडावाला टेकवून बम्प झाला. जोल्ट मात्र गाडीतला, खडबडीत रस्त्यावरचा. तो पाण्यात काही करता येईना, तेव्हा विठोबाने तो तसाच ठेवून दिला. परीक्षेत प्रेमलतेचा एकही शब्द चुकला नाही.

मॅट्रिक झाली आणि ती नर्सिंग शिकायला मुंबईला निघाली. वाडीतून इतकं शिकलेली ती पहिलीच मुलगी. बापानेच तिला पडावातून नेऊन शिडीवर चढवलं. वर जाता जाता ती म्हणाली, "बाबा, येताना तुझ्याच पडावात उतरतलंय. दुसऱ्या कोणाचो हात धरूचंय नाय."

एवढं बोलून ती गेली आणि विठोबाला पिसं लागलं. त्याआधी कधी त्याने उतारूंना इंग्रजी ऐकवली नव्हती. ती गेल्यानंतर सुरू केली. लोकांना वाटे, म्हातारा मिरवतोय. मिरवत होताही थोडा, का मिरवू नये? पण खरं कारण वेगळं होतं. ते शब्द तोंडात आले की क्षणभर ती समोर पेजेचं भांडं घेऊन बसलेली असे. आगबोट आली की तो आधी वरचा कठडा बघे, तोंडामागून तोंड. तिची सुट्टी दरवेळी रद्द होई. अशी वर्षं गेली, आणि त्याची तहान काही भागली नाही.

एका वैशाखात एक उतारू सांगावा घेऊन आला: प्रेमलता हंगामाच्या शेवटच्या आगबोटीने येतेय.

पावसाळा तोंडावर आला होता, आणि त्या दिवशी समुद्र आधीच खवळायला लागला होता. विठोबाने पडाव शिडीखाली नेला, पाच-सहा जणांना उतरवलं. मग शिडीवर प्रेमलता दिसली. अंगाने भरली होती, डोळे तेच. शेवटच्या पायरीवर येऊन तिने हात पुढे केला. विठोबानेही केला. बोटांना बोटं लागली. तेवढ्यात तिच्यामागून लाट चढताना त्याने पाहिली, आणि हात झटकन मागे घेतला.

"थांब गो. वर जा, वर जा," तो ओरडला.

पडाव शिडीवर आदळला आणि लांब फेकला गेला. कप्तान थांबायला तयार नव्हता. भोंगा झाला, शिडी वर गेली, आणि पोरीला घेऊन आगबोट वेंगुर्ल्याच्या दिशेने चालू लागली.

यमुनाबाईने घरी बांगड्याचं तिखलं करून ठेवलं होतं. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "लोकांची चेडवां उतरवतंस, आणि आपला पुढे धाडलंस?" विठोबा जेवला नाही. त्याला ठाऊक होतं, त्या लाटेत त्याने दुसरी कुणीही उतरवली असती. याहून वाईट लाटांत उतरवली होती. पोटची पोर म्हणून हात भ्याला.

दुसऱ्या दिवशी प्रेमलता वेंगुर्ल्याहून एसटीने आली. स्टँडवर बाप उभा होता. धुळीने माखलेली ती त्याच्या गळ्यात पडली, रडली आणि मग चिडवायला लागली. "बाबा, काल तुझा इंग्रजी खंय गेला? सगळी आगबोट आयकूक जमलली."

"ता पाशिंजरांका," विठोबा म्हणाला. "तू काय पाशिंजर?"

सुट्टी प्रवासातच संपत आली होती. दोन दिवसांनी तिला परतायचं होतं, आणि आगबोटी बंद झाल्या होत्या. विठोबा तिला स्टँडवर सोडायला आला. ती खिडकीशी बसली. इंजिन सुरू झालं, गाडी थरथरली, पुढचा रस्ता नुसता खड्ड्यांचा. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सांभाळ गो, जोल्ट येतलो."

बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तिच्याही. ती हसली नाही. तिने खिडकीतून हात बाहेर काढला. विठोबाने आपला पुढे केला, तोवर गाडी सुटली होती.