पिठाच्या डब्यातला पंप

त्या सुताराच्या हातचं कपाट वर्षानुवर्षं कुरकुरत नसे, पण त्याची स्वतःची छाती मात्र लहानपणापासून कुरकुरायची. दमा होता. रंधा मारताना भुसा उडाला की तो मागच्या दारी जायचा, खिशातला पंप तोंडात मारायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत यायचा. ही लपवालपवी आईनं शिकवलेली. घरी पाहुणे आले की पंप पिठाच्या डब्यात. त्याची सोयरीक ठरली तेव्हाही तो तिथंच होता.

पुढे परदेशातल्या फर्निचरच्या कारखान्यात काम मिळालं. अट एकच, आजारपणाचा विमा काढून यायचं. विमा नाही तर नोकरी नाही. विम्याची बाई घरी यायची म्हटल्यावर आईनं सवयीनं पंप पिठात खुपसला आणि मुलाला खेटून बसली.

"आधीचं काही दुखणं?" बाईनं विचारलं.

"छे हो. लोखंड आहे नुसतं," आई म्हणाली.

"दमा, फिट, साखर?"

सुतार नखातला भुसा कोरत बसला. खरं सांगावं तर विमाच नाकारतील अशी धास्ती, आणि खोटं बोलायला आई समर्थ होती.

त्याची बायको दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "सांगायचं राहिलं, आणि तिकडे तेच दुखणं उपटलं तर?"

"कंपनी हात वर करते. दवाखान्याचा खर्च तुमच्या गळ्यात. सांगितलं तर हप्ता वाढतो. कधी नकारही येतो, खोटं कशाला सांगू?"

बायको आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. पांढराधोप पंप फडक्यानं पुसत तिनं बाईसमोर आणून ठेवला.

"अगं, ठरत आलं होतं की," आई पुटपुटली.

"माझ्या वेळीही ठरतच आलं होतं, आई. लग्नानंतर कळलं, तरी मी ठेवून घेतलं यांना. कंपनी नाही ठेवून घ्यायची."

सुताराला हसू फुटलं आणि हसताहसता खोकला लागला. त्यानं पंप उचलला आणि प्रथमच परक्या माणसासमोर तोंडाला लावला. "लहानपणापासून आहे," तो म्हणाला. "भुशानं वाढतो."

"तोंडाला फडकं बांधतो हो पण काम करताना," आईनं शेवटचा घाव घालून पाहिला.

होकार येईपर्यंत सासू सुनेशी भांड्यांच्या आवाजातच बोलत होती. हप्ता वाढला, पण विमा मिळाला आणि सुतार गेला.

तिकडच्या पहिल्याच थंडीत त्याची छाती भरली. दवाखान्यातून त्याचा फोन आला. आवाज बसलेला, पण श्वास मोकळा.

"विम्याचं कार्ड चाललं का रे?" आईनं आधी तेच विचारलं.

"चाललं. दम्याची नोंद होती ना त्यांच्याकडे. सगळं तेच भरणार."

आईनं फोन छातीशी धरला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "अगं ए, ऐकलंस का? ठेवून घेतला त्यांनी."