कपाळावर लिहिलेली वेळ

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असल्या गप्पा निघाल्या की पहिली टिंगल मीच करतो... तरीही हे लिहितोय, कारण वर्षभर पोटात ठेवून कंटाळलो.

कामशेतला आमची भाताची गिरणी आहे. तिथून दहा मिनिटांवर घर. घरात माझी फुफी, म्हणजे वडिलांची बहीण. एकाहत्तरच्या युद्धात ती लष्करी हॉस्पिटलात नर्स होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं अंथरुणाला खिळली आहे, पण रुबाब तोच — चहा आणून देणाऱ्यालाही 'जवान' म्हणते.

गेल्या वर्षी एका दुपारी गिरणीत कामाला असलेल्या नामदेवभाऊंचा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला. गिरणीत आम्ही दोघंच. रक्ताची चिळकांडी उडाली. मशीन बंद केलं आणि टेम्पो आणायला धावलो. हात बांधायचं सुचलंच नाही, सांगायला लाज वाटते.

परत येऊन बघतो तर दंडाला त्यांचाच टॉवेल आवळलेला, पोती शिवायचं दाभण अडकवून पीळ दिलेला. रक्त थांबलेलं. आणि कपाळावर, पोत्यांवर वजनाचे आकडे टाकायच्या निळ्या मार्करने लिहिलेलं — ३.४०.

"कुणी बांधलं?"

"तरनी बाई व्हती शेट, पांढऱ्या कापडातली. 'जवान, हलायचं नाही' म्हनली. कुटं गेली?"

तळेगावच्या डॉक्टरांनी कपाळ पाहिलं आणि घाईने आत घेतलं. नंतर म्हणाले, "इतकं आवळल्यावर किती वेळ झाला ते कळावं लागतं, नाहीतर हातच जातो. वेळ लिहिणारा जाणकार होता."

संध्याकाळी घरी आलो. बायको म्हणाली, कुणाचा फोन नाही, कुणी आलं नाही, फुफी दुपारभर झोपलेली. मी आत गेलो. तोंड उघडायच्या आत फुफीनेच विचारलं, "हात वाचला?"

"वाचला... पण तुला कसं—"

"युद्धात एका जवानाचा पाय मी बांधला होता. बावीस वर्षांची होते. गडबडीत वेळ लिहायची राहिली. पुढच्या हॉस्पिटलात कुणाला कळलंच नाही. पाय गेला त्याचा." मग ती हसली. "आज नाही विसरले."

त्या दिवशी तिने खिमा दोनदा मागून घेतला.

बायकोचं म्हणणं, भाऊंनीच स्वतः बांधलं असेल. एका हाताने? आणि भाऊंना तर आकडेही लिहिता येत नाहीत. फुफीला खोदून विचारायची माझी छाती नाही. पण युद्धाबद्दल बोलताना तिला हसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.