बाजाराचा वार

मी पदवीधर झालो तो सुमनअक्कामुळे. माझी ही थोरली बहीण रावेरला केळीचे घड वाहत मला शिकवत राहिली. शेतांत ठिबक बसवण्याच्या कामावर टांझानियाला निघालो, तेव्हा "रोज फोन करीन," असा शब्द मी तिला दिला.

धुळ्याच्या एसटीत शेजारच्या गृहस्थांना हे सांगितलं. टांझानियातल्याच रानात बोअर खोदण्यात त्यांची काही वर्षं गेली होती. बोलताना ते रुमालाची घडी मोडत आणि पुन्हा तशीच घालत.

"रोजना शब्द कसाले दिधा, भाऊ? तठे रेंज नही. मना फोन लागना नही, तं मनी माय तीन दिन जेवनी नही."

"मग काय करू?"

"बजारना दिन सांग. त्या दिन बठ्ठा लोके मोठा गावमा येतस, तठे रेंज सापडस. आन् बजारना दिन कोनी इसरत नही."

धुळ्याला ते उतरून गेले. नाव विचारायचं राहिलं. फोनवर अक्काला हे सांगणं मला जमलं नसतं, म्हणून स्टँडवरच बसून पत्र लिहिलं:

"अक्का, रोज फोन करीन म्हणालो, ते चुकलं. तिथे रानात रेंज नसते. तिथला बाजार कोणत्या वारी भरतो, ते पोचल्यावर कळवतो. त्याच वारी माझ्या फोनची वाट पाहा. बाकीचे सहा दिवस वेळेवर जेव."